संकासुराचा काळा रंग

दशावतारी नाटकाला परंपरेने लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले, संवाद मात्र त्या रात्री सुचतील तसे. म्हणून एखाद्या प्रयोगाचे चित्रण म्हणजे त्या रात्रीच्या संहितेची एकमेव प्रत. २००६ साली, आम्ही दोघे नुकतेच मराठी शिकवू लागलो होतो तेव्हा, सिंधुदुर्गातील एका जत्रेत असे तीन तास मिनीडीव्ही कॅसेटींवर टिपले होते. त्यातील काही नट आज हयात नाहीत. अलीकडे ते चित्रण संगणकावर उतरवून ‘रेंडर’ करायला बसलो, तेव्हा पहिलाच प्रश्न पुढे आला: बिटरेट किती?

वरवर हा हिशेबाचा प्रश्न. आमच्या मते तो पाठचिकित्सेचा आहे. बिटरेट म्हणजे दर सेकंदाच्या चित्रावर किती बिट खर्चायचे ते. टेपवर हा दर २५ मेगाबिटांचा, म्हणजे तासाला सुमारे १३ जीबी. हेच तीन तास ४.७ जीबीच्या एका डीव्हीडीत कोंबायचे तर आवाज धरून जेमतेम साडेतीन मेगाबिट वाट्याला येतात. एन्कोडर चित्राचे लहान चौकोन पाडतो आणि शक्यतो आधीच्या चित्राहून जे बदलले तेवढेच नोंदवतो. स्थिर ते स्वस्त, हलते ते महाग.

दशावतार त्याला इथेच चकवतो. अंधारातल्या चित्रणात दाणे सतत वळवळतात. एन्कोडर ती हालचाल समजतो आणि आपली पुंजी तिच्यावर उधळतो. मग आडदशावतारातला काळ्या वेषाचा संकासुर आला की वेषाच्या घड्या नाहीशा होऊन काळे चौकोन उरतात. लाल जीभ तेवढी शाबूत. दाणे गाळून पाहिले, तर नटांचे चेहरे मेणाचे झाले. (रंगवलेल्या चेहऱ्यावरचा घामही दाणेदारच असतो!)

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अनेक प्रती ताडून. आमच्यापाशी ताडायला दुसरी प्रतच नाही. आणि टेपवर जे नाही ते बिट वाढवून परत येत नाही. विभागासाठी म्हणून एच.२६४ मध्ये दर न ठरवता गुणवत्ता ठरवली, सीआरएफ १८. फाइल केवढी होईल हे आधी कळत नाही, पण अंधाराला हवे तेवढे मिळते.

एका दिवंगत नटाच्या मुलाला मात्र ते फोनवर हवे होते. चित्राला ६०० किलोबिट दिले, आवाजाला १२८. सारे एक जीबीच्या आत बसले. आवाजात अधिक काटकसर करायला आमचे मन धजेना. मूळ चाळीसेक जीबी दोन हार्डडिस्कवर आहेत, एक विभागाच्या कपाटात, एक घरी. गावात फिरते ती लहान प्रत. तिच्यात युद्धातल्या तलवारी चौकोनांत विरघळतात. संवाद शब्दन् शब्द ऐकू येतो.