दवाखाना चार तासांवर आहे, आता?

गेले काही आठवडे मी भेटेल त्याच्या मनगटावर बोटं टेकवते आहे. आईच्या, भावाच्या, वनखात्याच्या नाक्यावर बसणाऱ्या चौकीदार काकांच्या. अंगठा नाही वापरायचा, तर्जनी आणि मधलं बोट. तीस सेकंद ठोके मोजायचे, दुप्पट करायचे, आणि घड्याळात बघून वेळेसकट लिहून ठेवायचे. डोंगरात माणूस जायबंदी झाला तर पुढचे सगळे निर्णय या असल्या साध्या आकड्यांवर घेता येतात, हे मला आत्ता कुठे कळलं आहे, आणि कळल्यापासून मी ते दिसेल त्याला सांगत सुटले आहे!

मी वनस्पतींच्या नोंदी घेत सह्याद्रीत फिरते. सोबत वनरक्षक असतात, वनमजूर असतात, वाट दाखवणारे गावातले दादा असतात. पेटी आमच्याकडे नेहमीच असायची: पट्ट्या, कापूस, जंतुनाशक, तापाच्या गोळ्या. पण पेटी म्हणजे प्रथमोपचार नव्हे, हे भंडारदऱ्याच्या बाजूला झालेल्या प्रशिक्षणात पहिल्याच तासाला लख्ख झालं. आमच्या प्रशिक्षक मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘समजा, रुग्णवाहिका येणार नाहीये. आता बोला.’’

शहरातला प्रथमोपचार गृहीत धरतो की 108 ला फोन लागेल आणि थोड्या वेळात गाडी दारात येईल, तोवर आपण रक्त थांबवायचं, धीर द्यायचा, बाजूला व्हायचं. रानात काम करणाऱ्यांसाठीचं हे शास्त्र वेगळ्याच जागेवरून सुरू होतं. पक्का उपचार तासाभराहून लांब आहे, म्हणजे माणूस तुमच्या ताब्यात चार तास असेल, कदाचित अख्खी रात्र. त्याला पाणी कोण पाजणार? लघवीला कसं नेणार? जमिनीतून चढणारा गारठा कसा अडवणार? तो सुधारतोय की ढासळतोय, हे कशावरून ओळखणार? हे सगळं शिकवलं जातं, पायरीपायरीने, कुणालाही जमेल असं!

कारखाने अधिनियम 1948 चं कलम 45 सांगत होतं की दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी हवी आणि ती प्रशिक्षित माणसाच्या ताब्यात हवी. शेडखाली, रस्त्याला लागून काम करणाऱ्यांसाठी इतका विचार तेव्हाच झाला. मग जिथे मोबाइलला रेंजसुद्धा नाही तिथे वणवा विझवणाऱ्या, कॅमेरे लावणाऱ्या, प्राणीगणनेला जाणाऱ्या माणसांना हे शिक्षण किती आधी मिळायला हवं!

सरावाला आम्हाला कारवीच्या रानात नेलं. एक वनमजूर दादा उतारावर आडवे पडले होते, कपाळाला कुंकवाचं ‘रक्त’, पाय वाकडा. आम्ही धावलो, आणि मॅडमनी तिथेच थांबवलं. आधी वर बघा. दरड सुटते आहे का? आग्यामोहोळ उठलं आहे का? आणखी एक जखमी झाला तर दोघांना कोण नेणार? मग जवळ जायचं, नाव सांगायचं, परवानगी विचारायची. भळाभळा रक्त वाहतंय का, श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास चालू आहे का, हे आधी. आणि मग डोक्यापासून पायापर्यंत हातांनी तपासणी: टाळू, मान, गळ्याचं हाड, बरगड्या एकेका बाजूने, पोटाचे चारही भाग, ओटीपोट, मांड्या, पाऊल. पाठीखाली हात सारायचा आणि बाहेर काढून हातमोजा बघायचा, लाल झाला का. मी आयुष्यात माणसाचं शरीर असं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. सावळ्या कातडीवर फिकटपणा चटकन दिसत नाही, म्हणून खालच्या ओठाची आतली बाजू बघायची, पापणीचा आतला भाग बघायचा. नख दाबून सोडायचं आणि दोन सेकंदांत रंग परततो का ते बघायचं.

आणि श्वास! श्वास मोजतोय हे त्या माणसाला सांगायचंच नाही. सांगितलं की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडीवरची बोटं तशीच ठेवायची आणि नजर छातीकडे वळवायची. त्याला वाटतं अजून नाडीच चालली आहे. मला या एका युक्तीत सगळ्या शिक्षणाचं शहाणपण दिसलं.

हे आकडे कागदावर उतरवायचे आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा घ्यायचे. एका वेळची नाडी 96, ती फार काही सांगत नाही. पण 96, मग 110, मग 124, सोबत श्वास वाढतोय, कातडी गार-ओलसर होतेय, माणूस तेच तेच विचारतोय, तर बाहेर दिसत नसलं तरी आत कुठेतरी रक्त जातंय, आता थांबायचं नाही! वैद्यकाचं शिक्षण नसलेल्या माणसाला पेन आणि घड्याळाच्या जोरावर हे ओळखता येतं. माझ्या मते पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे वही.

हाडाला आधार द्यायची वेळ आली तेव्हा तर मी हरखूनच गेले. ज्या कारवीच्या काठ्यांनी इथे कुडाच्या भिंती उभ्या राहतात, त्याच काठ्या, भोवती कॅरीमॅट, वर ओढण्या. मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे जखडले पाहिजेत. खाली पोकळी राहिली तर तिथे मोजे, टॉवेल कोंबायचे. आणि बांधण्याआधी आणि नंतर पायाची बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, गरम आहेत का, हे बघायचं. ज्या दादांना आम्ही पोरींनी बांधलं, त्यांनी उठून स्वतः आम्हाला गाठ बदलून दाखवली. भारा बांधायची त्यांची गाठ आमच्या पुस्तकी गाठीपेक्षा सरस होती, आणि मॅडमनी तीच सगळ्यांना शिकायला लावली.

सापाबद्दल जरा थांबून लिहिते. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58 हजार. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं प्रतिविष आपल्याकडे आहे. प्रश्न असतो तो दंशापासून दवाखान्यापर्यंतच्या वेळाचा, आणि त्या वेळात आपण काय करतो, त्याहून जास्त म्हणजे काय करत नाही, याचा. चिरा द्यायचा नाही. चोखायचं नाही. करकचून दोरी बांधायची नाही. साप मारायच्या मागे लागायचं नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढायची, कारण सूज येते. हात-पाय काठीला बांधून स्थिर करायचा, माणसाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात. जंगलातल्या मुक्कामात कुणी असं म्हणालं तर ‘जेवण बाधलं’ म्हणून ओवा देऊन झोपवू नका, निघा! श्वास मंदावला तर तोंडाने श्वास देत राहायचं. दवाखाना येईपर्यंत माणूस त्यावर तगू शकतो. विंचवाच्या दंशातही वेळच महत्त्वाची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून लाल विंचवाच्या दंशाने होणारे कोकणातले मृत्यू खाली आणले. ते औषध डॉक्टरांनीच द्यायचं, आपलं काम माणूस तिथे लवकर पोचवण्याचं.

थंडीचा धडा मला अनपेक्षित होता. गारठून मरणं हिमालयातलं, असं वाटायचं. पण पावसाळ्यात घाटमाथ्यावर ओल्या कपड्यांत वारा खात बसलेल्या थकलेल्या माणसाला बर्फाची गरज नसते. जीभ अडखळते, पाय अडखळतात, चेन लावता येत नाही, माणूस हट्टी होतो. गार पडलेल्या माणसाची थरथर आपोआप थांबली तर तो बरा होत नसतो, खालावत असतो. ओले कपडे उतरवा, खाली जाड थर घाला, कोरड्यात गुंडाळा, वरून प्लास्टिक. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर गूळ, चिक्की, गोड चहा.

निरोप पाठवायचा तर दोघांना पाठवा, आणि तोंडी नाही, लिहून: जागा, वय, काय झालं, कोणत्या वेळी नाडी किती, सोबत माणसं किती. बांबू आणि घोंगडीची झोळी करून उतरवायचं तर खांदे बदलायला पुष्कळ माणसं लागतात, त्यांची मोजणी आधी करा. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी बचाव पथकं दरीत उतरून माणसं बाहेर काढतात, पण पथक पोचेपर्यंतचे तास आपल्याच हातात असतात.

रानातल्या या प्रथमोपचाराचा, म्हणजे वाइल्डरनेस फर्स्ट एडचा, प्राथमिक अभ्यासक्रम साधारण 16 तासांचा असतो, फर्स्ट रिस्पॉन्डरचा 70 ते 80 तासांचा. मसुरीजवळ लँढौरच्या हनिफल सेंटरसारख्या ठिकाणी हे अभ्यासक्रम शिकवले जातात. दर दोन-तीन वर्षांनी उजळणी करावी लागते. ट्रेक नेणारे, वनरक्षक, अभ्यासक, कातळावर चढणारे, धनगर वाड्यांवर जाणाऱ्या आशाताई, सगळ्यांनी शिकावं. संस्था चालवणाऱ्यांनो, पुढच्या मोहिमेच्या अंदाजपत्रकात तंबूंच्या आधी या प्रशिक्षणाचा खर्च लिहा, आणि तुमच्या वाटाड्या दादांचं नाव त्या यादीत पहिलं घाला.