मेट्रोनिडाझोलची चिठ्ठी

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना हजारो चिठ्ठ्या लिहिल्या. त्यातली एक परत घेता आली असती तर ही घेतली असती.

त्या बाईंना लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता. त्यात मायट्रल झडप खराब झाली आणि पुढे ऑपरेशन करून धातूची बसवली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिन जन्मभर घ्यावं लागतं. हे मला माहीत होतं, त्यांची फाइलही मी पूर्वी पाहिली होती. पण आव पडते म्हणून त्या आल्या, तेव्हा मी पोट तपासून मेट्रोनिडाझोल लिहिलं. गुडघे दुखतात म्हणाल्या म्हणून खाली डायक्लोफेनॅक लिहिलं. चालू गोळ्या कोणत्या, हे विचारलं नाही.

आठवड्याच्या आत मुलगा त्यांना धरून घेऊन आला. हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतं, दंडावर काळेनिळे डाग होते. "कुठं पडले नाही, आपटले नाही हो डॉक्टर," असं त्या सांगत होत्या. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, म्हणजे रक्तस्राव जठरात होता. जिल्ह्याच्या गावी पाठवलं. त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं याचं माप, अडीच ते साडेतीनच्या दरम्यान हवा होता, तो आठच्या वर निघाला. व्हिटॅमिन के, प्लाझ्मा, रक्ताच्या पिशव्या, सगळं द्यावं लागलं.

यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे काही घटक तयार करतं; वॉरफरिन त्या कामात अडथळा आणतं. वॉरफरिनचा निचराही यकृतच करतं आणि मेट्रोनिडाझोल तो निचरा रोखतं. बाईंची गोळी तीच होती, वेळ तीच होती, पण औषध अंगात साठत गेलं. त्यातच डायक्लोफेनॅकने जठराचं अस्तर दुखावलं आणि प्लेटलेट्सही दुबळ्या केल्या. नासलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन अमेरिकेत गुरं रक्तस्रावाने मेली, त्यातून वॉरफरिनसारख्या औषधांचा शोध लागला. वॉरफरिन 1948 मध्ये आधी उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं. हा इतिहास मी विद्यार्थी असताना आवडीने वाचला होता.

बाई वाचल्या. घरी आल्यावर मुलाने विचारलं, "ती रक्ताची गोळी आता बंदच ठेवू ना?" त्या काळ्या रक्ताने मीही धास्तावलो होतो. ऑपरेशन केलेल्या सर्जनना फोन करायला हवा होता. मी म्हणालो, "सध्या राहू दे." पुन्हा कधी सुरू करायची, ते सांगितलंच नाही. माझ्या दोन चुकांतली ही मोठी. झडपेवर गुठळी धरली, तिचा तुकडा मेंदूत गेला आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय बराच सुधारला. हात भाकरी थापण्याइतका कधीच झाला नाही.

दोन्ही वेळा चूक माझी होती, हे मी मुलाला समोर बसवून सांगितलं. तो काही बोलला नाही. पुढे ते दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ लागले, आणि ते योग्यच होतं.

विचारण्याची जबाबदारी डॉक्टरचीच आहे. तरीही घरात कुणाला अशी गोळी चालू असेल, तर दात काढायला गेलात तरी ते आधी सांगा. वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या डॉक्टरलाही सांगा.