जर्मनीत कुठे उतरावे?

व्हिसाच्या फॉर्मसोबत जोडायच्या कागदांची यादी मुलीने फोनवर वाचून दाखवली, तेव्हा आमचे मिस्टर एकाच ओळीवर अडले. जितक्या रात्री त्या देशात राहणार तितक्या रात्रींच्या मुक्कामाचा पुरावा द्यायचा! विमानाचे तिकीट, तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा, बँकेचे कागद, एवढे सगळे देऊनही कोणत्या रात्री कोणत्या खाटेवर पाठ टेकणार हे आधीच लिहून द्यावे लागते. मिस्टर म्हणाले, "अगं, आपण आजवर गेलो ते नातेवाइकांकडे, नाहीतर दीक्षाभूमीवर मंडपात. खोली बुक करून कधी गेलोय आपण?"

मी महापालिकेच्या रुग्णालयात एकतीस वर्षे आया होते. मिस्टर रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. मुलगी जर्मनीत डॉर्टमुंड शहरात शिकते. तिची खोली विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात. तिथे पाहुण्याला तीन-चार रात्री चालतात, त्यापुढे नाही. तेव्हा २०२५च्या सप्टेंबरात आम्ही गेलो ते तिच्याकडे चार रात्री आणि बाकीच्या नऊ रात्री तिच्यासह फिरतीवर. त्या नऊ रात्रींत आम्ही तीन तऱ्हेच्या जागी राहिलो. आपल्यातली पुष्कळ मुले आता शिकायला तिकडे जातात आणि आईबाप त्यांना भेटायला जातात, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट सांगते. व्हिसासाठी खोल्या बुक करायच्या, पण ज्या रद्द केल्यावर पैसे परत मिळतात अशाच. थोड्या महाग असतात, तरी त्याच घ्याव्यात. व्हिसा मिळालाच नाही तर तिकडच्या खाटेचे पैसे बुडायला नकोत.

मुलीने पहिल्याच रविवारी आम्हाला अल्टेना नावाच्या गावी नेले. डॉर्टमुंडहून हागेनला गाडी बदलून जायचे. नदीच्या काठी डोंगर आणि डोंगरावर किल्ला. गुडघ्यांमुळे मी घाबरले होते, पण २०१४ सालापासून डोंगराच्या पोटातून वर जाणारी लिफ्ट आहे. या किल्ल्यात जगातले पहिले कायमचे युवा वसतिगृह सुरू झाले. ते सुरू करणारा माणूस होता एक शाळामास्तर, रिचर्ड शिरमान. आधी तो गेल्सनकिर्शेन या कोळशाच्या खाणींच्या गावात शिकवायचा. धुरात वाढणाऱ्या पोरांना मोकळ्या हवेत पायी फिरवून शिकवावे, हा त्याचा ध्यास. १९०९च्या ऑगस्टात तो मुलांना घेऊन निघाला असता मोठे वादळ झाले आणि एका खेड्यातल्या शाळेत रात्र काढावी लागली. वर्गात पेंढा पसरून मुले झोपली. जागेपणी त्याच्या मनात आले, सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग गावोगाव असा स्वस्त निवारा का असू नये? त्यातून ही चळवळ जगभर गेली. १९३३ साली हिटलरच्या लोकांनी ती वसतिगृहे आपल्या युवक संघटनेच्या ताब्यात घेतली, हेही तिथेच कळले. महायुद्धानंतर ती पुन्हा उभी राहिली.

त्या जुन्या खोल्या आता पाहण्यासाठी राखून ठेवल्या आहेत. एकावर एक लाकडी खाटा. मिस्टर हात लावून म्हणाले, "आपल्या वर्कशॉपच्या रेस्टरूमसारख्याच."

तेव्हा 'यूथ हॉस्टेल' या नावाने बिचकू नये. वयाची अट आता नाही. आजी-आजोबा, लेकुरवाळ्या बाया, शाळेच्या सहली, सगळे असतात. सभासदत्वाचे कार्ड लागते, ते काउंटरवरही मिळते. कुटुंबाला चार खाटांची वेगळी खोली मागता येते. मागितली नाही तर बाया एकीकडे, पुरुष दुसरीकडे अशी पाळी येऊ शकते. बाथरूम आत आहे की व्हरांड्यात, हे आधी विचारून घ्यावे. रात्री उठावे लागणाऱ्यांनी तर नक्कीच.

आम्ही राहिलो ते ऱ्हाईन नदीकाठच्या बाखाराख गावी, श्टालेक किल्ल्यातल्या वसतिगृहात. हा किल्ला फ्रेंच सैन्याने १६८९ साली उद्ध्वस्त केला होता. विसाव्या शतकात तो पुन्हा बांधला तोच मुळी वसतिगृहासाठी. राजाच्या किल्ल्यात सहलीची पोरे चप्पल वाजवत धावतात, हे पाहून मला फार बरे वाटले. मात्र स्टेशनपासून वर चढण अशी आहे की दोन बॅगा असतील तर एक डॉर्टमुंडलाच ठेवावी. आम्ही ठेवली नव्हती. मिस्टर मध्ये तीनदा बसले.

काउंटरवर बाईने एक फॉर्म पुढे केला. हा फॉर्म जर्मन नागरिकांना जानेवारी २०२५पासून भरावा लागत नाही, परदेशी पाहुण्याला मात्र लागतो. मुलगी पासपोर्ट काढत होती आणि मी उगीचच मागे सरकले. त्याचे कारण जुने आहे. १९८७ साली आम्ही मुंबईत भाड्याची खोली बघत होतो. मालकाने मिस्टरांचे नाव विचारले. मग आडनाव. मग गाव. मग, गावात घर कोणत्या बाजूला? तेवढे ऐकून झाल्यावर म्हणाला, "खोली कालच एकाला बोललोय." त्या महिन्यात असे चार ठिकाणी झाले. बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात पारशी सराईतून कसे निघावे लागले, हे आपल्या घरांत लहान पोरांनाही ठाऊक असते. काउंटरपुढे उभे राहिले की पोटात गोळा येतो तो त्यामुळे.

त्या फॉर्मवर नाव, जन्मतारीख, नागरिकत्व, घरचा पत्ता, येण्या-जाण्याचा दिवस आणि पासपोर्टचा नंबर एवढेच होते. खाली सही. बाईने चावी दिली आणि तिन्ही खाटांच्या स्वच्छ चादरी माझ्या हातात ठेवल्या. मुलगी म्हणाली, "आई, इथे आपला बिछाना आपणच घालायचा. जाताना काढून खाली आणून द्यायचा." मला हसूच आले. एकतीस वर्षे दुसऱ्यांचे बिछाने घातलेली मी! वॉर्डात घालायचो तशा चारी कोपरे दुमडून तीन खाटा पाच मिनिटांत तयार केल्या. शेजारच्या खोलीतले एक जर्मन गृहस्थ गादीच्या खोळीत दुलई कोंबत घामाघूम झाले होते. पोशाखावरून मोठे साहेब वाटत होते. तिथे साहेबालाही आपली चादर आपणच घालावी लागते आणि जेवून उठल्यावर आपले ताट गाडीवर नेऊन ठेवावे लागते.

माणशी चाळीस युरोंच्या आसपास पडले, म्हणजे युरोला शंभर रुपये धरले तर चार हजार. सकाळचा नाश्ता त्यातच. पाव, चीज, जॅम, उकडलेली अंडी, दूध, हवे तितके. नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे आहे आणि मालगाड्या रात्रभर धडधडतात. ज्यांची झोप नाजूक आहे त्यांनी ऱ्हाईनकाठी नदीकडची खोली मागू नये. मिस्टरांना मात्र त्या आवाजाने गाढ झोप लागली.

पुढच्या तीन रात्री दक्षिणेला काळ्या जंगलात, टिटिझे तलावापाशी काढल्या. जर्मन लोक त्या भागाला श्वार्त्सवाल्ड म्हणतात. तिथे आम्ही पेन्शनमध्ये उतरलो. हा निवृत्तिवेतनाचा पेन्शन नव्हे! छोट्या घरगुती हॉटेलला तिथे पेन्शन म्हणतात. घराची मालकीणबाईच नाश्ता वाढते. दुहेरी पलंगावरही दोन वेगळ्या दुलया असतात, ही जर्मनांची पद्धत मला फार पटली. अशा ठिकाणी दुपारी काउंटर बंद असू शकते, म्हणून पोहोचण्याची वेळ आधी कळवावी. माणशी काही युरो पाहुणेकर वेगळा घेतला. मिस्टर कुरकुरले, पण त्याबदली कोनुस नावाचे कार्ड मिळाले. ते दाखवून त्या भागातल्या बस आणि लोकल गाड्यांतून मुक्कामाचे सगळे दिवस फुकट फिरता येते. फ्रायबुर्गला दोनदा गेलो, तिकीट शून्य. हे कार्ड त्या भागात मुक्काम करणाऱ्याला मिळते, सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला नाही. आणि सगळ्याच गावांत ते नसते, खोली घेण्याआधी विचारावे.

मोठ्या शहरांतल्या हॉटेलांबद्दल मला फार सांगायचे नाही, कारण आम्ही तिथे राहिलो नाही. म्युनिकला जायचे ठरले होते, पण सप्टेंबरच्या मध्यावर तिथे बिअरची मोठी जत्रा सुरू होते आणि ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते. खोलीचे भाव ऐकून आम्ही म्युनिकच यादीतून काढले. फ्रँकफुर्टला ऑक्टोबरात पुस्तकांचे प्रदर्शन असते तेव्हाही तीच गत. हॉटेल बघताना आधी तारखा बघाव्यात, मग भाव, आणि नाश्ता धरून आहे की वेगळा, तेही.

शेवटच्या तीन रात्री बर्लिनमध्ये. मुलीचा हट्ट होता की तिथे स्वयंपाकघर असलेले घर घ्यायचे. दहा दिवस पाव खाऊन मलाही भाताची आठवण येत होती. पहिल्या घरमालकाने पैसे घेतले, नावे विचारली आणि मग लिहून पाठवले, तुम्ही भारतीय जेवण करणार का? मुलीने सरळ उत्तर दिले, भात आणि डाळ करू. तासाभरात निरोप आला, बुकिंग रद्द. मसाल्याचा वास भिंतींना राहतो म्हणे. पैसे परत आले, पण मुलगी रडली. मी नाही रडले. मला तो १९८७चा मालक आठवला. फरक एवढाच की इथे कायदा आहे. वंश, धर्म यांवरून अशी वागणूक देण्याला जर्मनीत २००६च्या समान वागणुकीच्या कायद्याने बंदी आहे आणि सल्ला देणारे सरकारी कार्यालयही आहे. मुलीने सगळे निरोप जपून ठेवले आहेत. तुमच्या मुलांनाही तसे जपायला सांगा.

दुसरे घर घेताना तिने एक नंबर शोधला. बर्लिनमध्ये राहती घरे पर्यटकांना दिली जाऊ लागली आणि भाडेकरूंना घरे मिळेनाशी झाली. म्हणून २०१४ सालापासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि अशा घराच्या जाहिरातीत नोंदणीचा नंबर द्यावा लागतो. नंबर नसेल तर ते घर घेऊ नये. गिरणगावातल्या चाळी जाऊन टॉवर आलेले ज्यांनी पाहिले, त्यांना हे समजावून सांगायला नको.

आता हिशेब. रात्रीचे ९० युरो दिसले म्हणून आम्ही खुश झालो. खाली बारीक अक्षरात शेवटच्या सफाईचे ६० युरो होते. तीन रात्रींचे २७० आणि हे ६०, मिळून ३३०, म्हणजे रात्रीला ११०. वर शहराचा साडेसात टक्के कर. तिघांत वाटले तर वसतिगृहाइतकेच पडले आणि नाश्ता आपला आपण. सात रात्री राहिलो असतो तर तेच साठ युरो सातांत वाटले जाऊन रात्र शंभराच्या आत आली असती. दोन-तीन रात्रींसाठी घर घेणे परवडत नाही, आठवड्यासाठी परवडते. शिवाय तिसरा मजला म्हणजे आपला तिसराच, पण लिफ्ट आहे का ते विचारावे. आमच्याकडे नव्हती.

पहिल्या संध्याकाळी मी डाळीला फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा भोंगा बोंबलू लागला. मिस्टर खुर्चीवर चढून टॉवेल हलवत होते, मुलगी खिडक्या उघडत होती. असा भोंगा तिकडे घरोघरी सक्तीचा आहे. फोडणीच्या आधी खिडकी उघडावी आणि तेल कमी तापवावे. रात्री दहानंतर शांतता पाळावी. कागद, प्लास्टिक, ओला कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकावा. आणि रविवारी दुकाने बंद असतात, तांदूळ शनिवारीच आणावा.

त्या घराच्या दारापुढे फरसबंदीत तळहाताएवढे दोन पितळी चौकोन बसवलेले होते. मिस्टरांचा पाय पडणार होता, मुलीने मागे ओढले. तिने वाचून दाखवले. वर 'येथे राहत होती' असे लिहिलेले, खाली नाव, जन्माचे साल, पकडून नेल्याचे साल आणि मारले ती जागा. हिटलरच्या काळात या घरातून नेलेल्या माणसांचे ते दगड. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने १९९२ साली कोलोनमध्ये पहिला दगड बसवला, २०२३पर्यंत त्यांची संख्या एक लाखावर गेली. मुलगी म्हणाली, हिटलर सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधीपासून बोर्कुम नावाच्या बेटावर ज्यू पाहुणे नकोत म्हणून उघड जाहिरात होत असे. मिस्टर बराच वेळ वाकून बघत होते. मग खिशातल्या रुमालाने त्यांनी ते दोन्ही दगड पुसले.

निघायच्या सकाळी मी खाटांच्या चादरी काढून घड्या घालायला घेतल्या. मुलगी म्हणाली, "आई, सफाईचे साठ युरो दिलेत ना!" दिले होते, पण हात थांबत नाही. पाण्याच्या आठ रिकाम्या बाटल्या साठल्या होत्या. त्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की बाटलीमागे पंचवीस सेंट परत मिळतात. दोन युरो आले. त्यांचे पाव घेतले, रात्रीची उरलेली डाळ डब्यात होती. फलाटावर बसून तिघांनी खाल्ले आणि डॉर्टमुंडची गाडी पकडली.