पाण्याला वाट देणारे धोंड मास्तर

अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आपला अहिल्यानगर जिल्हा संपतो आणि खाली कोकण सुरू होतं. अरबी समुद्रावरून निघालेले ढग इथे सह्याद्रीला अडतात, घाटघर-रतनवाडीला धो धो कोसळतात आणि पारनेर-पाथर्डीकडे येईतो रिते झालेले असतात. आपण त्या ढगांची वाट बघतो, पण ते समुद्रावर असताना कसे दिसतात हे आपल्या कोरडवाहू गावांतल्या कित्येकांनी पाहिलेलंही नसतं. भरलेलं आभाळ आणि त्याखालचा समुद्र ज्यांनी आयुष्यभर जलरंगात रंगवला, त्या प्रल्हाद अनंत धोंड यांची आठवण म्हणूनच घाटावरही जागती राहायला हवी.

धोंड 1908 साली जन्मले आणि 2001 साली गेले. कोकणचा हा मुलगा मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, तिथेच शिकवू लागला आणि 1857 साली सुरू झालेल्या त्या संस्थेचा पुढे अधिष्ठाता झाला. पद मोठं होतं, पण चित्रकारांच्या जगात ते ‘धोंड मास्तर’च राहिले.

सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांसारख्या चित्रकारांनी जलरंगाची जी परंपरा मुंबईत रुजवली होती, ती धोंडांनी समुद्रावर नेली. हे माध्यम भल्याभल्यांची परीक्षा पाहतं. तैलरंगात चुकलं तर वरून रंग चढवता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. इथे पांढरा रंग लावायचा नसतो, कागदाचा पांढरेपणा राखायचा असतो. लाटेचा फेस म्हणजे चित्रकाराने न रंगवलेली जागा. बोर्ड किंचित कलता ठेवून भरल्या ब्रशने आभाळ लावायला घेतलं की पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगीत पाणी साचतं. ते सुकू न देता पुढच्या फटकाऱ्यात खाली ओढत न्यायचं. अर्धवट वाळलेल्या भागाला पुन्हा हात लागला की डाग पडलाच. रात्री उसाला पाणी देताना दारं धरणारा माणूस वाफा भरत आला की नेमक्या क्षणी फावड्याने माती ओढतो आणि पाणी पुढे वळवतो. त्याला पाण्याचा वेग अंगात मुरलेला असावा लागतो. धोंड मास्तरांना तो तसा मुरलेला होता.

म्हणून त्यांच्या समुद्रचित्रांत मोजके फटकारे पुरतात. आभाळाचा मोठा वॉश, क्षितिजाची ओढ, ओल्या वाळूत उतरलेला उजेड आणि कुठे होडीची एखादी गडद खूण. बारकावे भरून डोळे दिपवण्याचा सोस नाही. कोकणातली दमट हवा कागदावर उतरते, ती त्यांनी पाण्याला त्याचं काम करू दिलं म्हणून.

त्यांचं आयुष्य कलेतल्या मोठ्या उलथापालथीचं होतं. 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, पुढे अमूर्त चित्रांकडे ओढा वाढला आणि किनाऱ्याची निसर्गचित्रं अनेकांना जुनी वाटू लागली. शंकर पळशीकरांसारखे वेगळ्या वाटेचे शिक्षक जे. जे. मध्येच होते. धोंडांनी मात्र आपला समुद्र सोडला नाही. मला ही त्यांची मोठी कमाई वाटते. एकच विषय आयुष्यभर धरूनही तो शिळा होऊ न देणं हे सोपं नाही, आणि समुद्र रोज नवा असतो हे रोज नव्याने पाहणाऱ्यालाच कळतं.

त्यांनी लिहिलेलं ‘रापण’ही तितकंच जिवंत आहे. मालवणकडे होडीतून समुद्रात अर्धगोल फिरवून मोठं जाळं टाकतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं ते ओढून काढतात. हाताला लागेल ती मासळी मग सगळ्यांत वाटली जाते. अशा रापणीचं नाव दिलेल्या या आठवणींत जे. जे.चे दिवस आहेत, तिथली माणसं आहेत. चित्रकाराने मराठीत इतकं मोकळं लिहावं, हे आपल्याकडे दुर्मीळच.

आपल्या जिल्ह्यातली मुलं दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षांना बसतात. त्यांतल्या बहुतेकांचा जलरंगाशी पहिला संबंध तिथेच येतो. बारीक ब्रश, घट्ट रंग, रेघेबाहेर जायचं नाही आणि कागद कोरा ठेवायचा नाही, एवढ्यावर बऱ्याचदा तो संबंध संपतो. जिथे पावसाची वाट पाहण्यात उन्हाळे जातात, तिथल्या मुलाला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. त्याला फक्त मोठा ब्रश हवा, भरपूर रंगपाणी हवं आणि चूक झाली तर कागद बदलण्याची मुभा हवी. धोंडांची मूळ चित्रं कधीतरी घाट चढून नगरच्या एखाद्या दालनात यावीत आणि ती कागदापासून हातभर अंतरावर उभं राहून मुलांनी पाहावीत. छापील प्रतीत न दिसणारी रंगाची ओढ आणि कोऱ्या ठेवलेल्या जागा तिथे दिसतात. चित्रात काय सोडायचं हे ज्यांनी हयातभर शिकवलं, त्या मास्तरांची शिकवणी अशीच पुढे चालू राहील.