किल्ल्यांचे पान

बार्शीच्या एका कापड व्यापारी कुटुंबात आजोबांची पंचाहत्तरी जवळ आली, तेव्हा घरच्यांनी आपापल्या आठवणी लिहून त्यांचे एक पुस्तक करावे असे ठरले. दोन मुलगे, एक मुलगी आणि ४ नातवंडे यांनी लिहिले. ७ फाइली मोठ्या सूनबाईंच्या संगणकावर येऊन पडल्या. त्यांची एक फाइल करून छापखान्यात द्यायची, इतकेच काम उरले होते. पेढीचे जीएसटीचे काम सूनबाईच पाहतात. त्यांना हे तासाभराचे वाटले.

वर्डमध्ये याची सोय आहे. कोरी फाइल उघडून ‘इन्सर्ट’मध्ये जावे, ‘ऑब्जेक्ट’शेजारच्या बाणावर क्लिक करून ‘टेक्स्ट फ्रॉम फाइल’ निवडावे आणि कंट्रोलचे बटण दाबून धरीत हव्या त्या सर्व फाइली एकदम घ्याव्यात. मजकूर एकापाठोपाठ एक उतरतो. मात्र फाइली यादीत ज्या क्रमाने दिसतात, त्याच क्रमाने. वडीलकी संगणकाला ठाऊक नसते. धाकट्या दिरांच्या फाइलीचे नाव इंग्रजी वर्णक्रमात आधी आले, म्हणून पुस्तकाचा आरंभ त्यांच्यापासून झाला. थोरल्यांनी पडद्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, “वाटणीच्या वेळीही तोच आधी बोलला होता.”

सूनबाईंनी नावांआधी ०१, ०२ असे आकडे घालून फाइली पुन्हा जोडल्या. मूळ फाइली त्यांनी निराळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवल्या होत्या, हे बरे झाले. नणंदबाईंचा लेख मात्र वाचताच येईना. तो युनिकोडपूर्व काळातल्या एका फाँटमध्ये टाइप केलेला होता. अशा फाँटमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. फाँट संगणकावर नसला की ती चिन्हेच उघडी पडतात. युनिकोडमध्ये रूपांतर केले, तर कितीएक रफार भलत्या अक्षरांवर चढले. अखेर नणंदबाईंनी फोनवरून सारा लेख वाचून दाखवला आणि सूनबाईंनी तो ओळीओळीने दुरुस्त केला. त्यात एक अख्खी दुपार गेली.

खरी अडचण पुढेच होती. ६ वर्षांपूर्वी दुकान वेगळे झाले, तो दिवस दोन्ही भावांनी लिहिला होता. वेगवेगळ्या फाइलींत दोन्ही हकिकती सरळ वाटत. एकत्र येताच त्या समोरासमोर उभ्या राहिल्या. थोरल्यांच्या लेखात धाकट्यांनी किल्ल्या आपण होऊन गल्ल्यावर ठेवल्या होत्या. धाकट्यांच्या लेखात त्या त्यांच्याकडून मागून घेतल्या गेल्या होत्या. दोन परिच्छेद पुसायला क्षणही लागला नसता, आणि सूनबाईंचे बोट त्या बटणापर्यंत गेलेही होते. तरी त्यांनी पाने छापून सासऱ्यांपुढे ठेवली.

आजोबांनी ती संध्याकाळभर वाचली. “पुसू नका,” ते म्हणाले, “आपल्या चोपड्यांत कधी खाडाखोड केली आहे का?” मग पेन मागून घेऊन त्यांनी समासात लिहिले, “किल्ल्या तीन होत्या. दोन त्याने ठेवल्या. तिसरी मी मागितली.”

सूनबाईंनी ते शब्द तळटीप म्हणून दोन्ही परिच्छेदांखाली घातले आणि पुरी झालेली फाइल सर्वांना पाठवली. रात्री जेवणे झाल्यावर थोरल्यांनी बऱ्याच दिवसांनी धाकट्या भावाला फोन लावला. “ते किल्ल्यांचे पान पाहिलेस का?” त्यांनी विचारले, आणि फोन घेऊन ते गच्चीवर गेले.