तीन माणसांचे दहा टक्के

परळी-बीड रस्त्यावर सिरसाळ्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॉल्या, नांगर, रोटाव्हेटरची पाती. मी आणि दोन पोरं. दसऱ्याआधी ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॉल्यांची रांग लागते, तेव्हा डबा उघडायलाही उसंत नसते.

2024 साली ऐन त्या दिवसांत माझा आयटीआय झालेला वेल्डर निघून गेला. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला महिना 8000 रुपये, थेट खात्यात. नेमणूक एका सरकारी कचेरीत. काम झेरॉक्स आणि आवक-जावक. मी देत होतो त्याहून थोडेच जास्त, पण पंख्याखाली! त्याला काय बोलणार?

हेच प्रशिक्षण माझ्या दुकानात का होऊ नये, म्हणून ऑनलाइन सेंटरवर चौकशी केली. पीएफ, ईएसआयसी, जीएसटी, तीन वर्षं जुनी आस्थापना. वर कारखान्याला माणसांच्या 10 टक्केच पोरं. तीन माणसांच्या दहा टक्क्यांत पोराचा एक हातही बसत नाही. केंद्राच्या शिकाऊ उमेदवार योजनेत विद्यावेतनाचे 25 टक्के, फार तर महिना 1500, सरकार देतं. पण तिथंही किमान 4 माणसं हवीत. त्या 1500 साठी मी चौथा माणूस पोसू?

खरं तर शिकवण्यात पैसा जातो तो पगारात नाही. नवं पोरगं चासीला उभा जोड मारतं. वरून झकास दिसतो, हातोडीनं स्लॅग झाडला की आत भोकं. मग ग्राइंडरनं कापा, पुन्हा भरा. रॉड माझे, वीज माझी, आणि हातातली ट्रॉली सोडून मी त्याच्या मनगटापाशी उभा. मोठ्या कारखान्यात शिकवायला वेगळा माणूस असतो आणि कागदं भरायलाही. अनुदान तिकडंच जातं, यात नवल नाही.

त्या वेल्डरच्या प्रशिक्षणाची मुदत सहाची अकरा महिने झाली, मग संपली. तो परत आला. हात जड झाला होता, महिनाभरात बसला. आता चाकणला आहे. बरं चाललंय म्हणतो.

परवा एक बाई बारावी झालेल्या पोराला घेऊन आली. "भाऊ, सरकार शिकायचे सहा हजार देतंय म्हणं. तुम्ही किती देता?"

मी म्हटलं, "ताई, सध्या आठवड्याला हजार. दिवाळीनंतर त्याचा जोड बघून वाढवू."

तिनं पोराकडं पाहिलं. पोरगं ग्राइंडरकडं बघत होतं.

"चष्मा मिळंल का?" त्यानं विचारलं.