आमटीची गाठ

आमटी पिशवीत भरायला हात बसावा लागतो. डाव्या हाताने पिशवीचं तोंड फुगवायचं, उजव्याने दोन पळ्या ओतायच्या, आत थोडी हवा राखून तोंड पिळायचं आणि बोटाभोवती फिरवून गाठ आवळायची. माझी गाठ पक्की बसे. पिशवी सायकलच्या हँडलला लटकून गेली तरी थेंब सांडत नसे.

पुण्यात नारायण पेठेत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. गिऱ्हाईक म्हणजे स्पर्धा परीक्षेची मुलं, घरात दोघंच उरलेले आजी-आजोबा आणि ऑफिसातून परस्पर येणाऱ्या बायका. दिवसाला नव्वदेक पार्सलं जायची. आमटी, भाजी, कोशिंबीर अशा तीन छोट्या पिशव्या आणि त्या धरायला वरून एक झबला पिशवी. म्हणजे महिन्याला नऊ हजारांच्या वर पिशव्या माझ्या हातून जात होत्या. हा हिशेब मी तेव्हा केलाच नव्हता. पिशव्या किलोवर यायच्या, त्या मोजायची वेळ कधी आली नाही.

२३ मार्च २०१८ला राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलं तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. मी बदलले ती या भीतीने, नदीचा किंवा गाईगुरांचा विचार करून नव्हे. व्यापाऱ्याने 'कापडी' म्हणून दिलेल्या रंगीत पिशव्या घेतल्या. दिवाळीत त्यातली एक पणतीजवळ राहिली आणि तिला धग लागली. तिची राख झाली नाही, ती थेंबाथेंबाने वितळली. सुती कापड कधी वितळत नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की त्या पॉलीप्रॉपिलीनच्या होत्या, म्हणजे प्लास्टिकच्याच, आणि बंदीच्या यादीत त्यांचंही नाव होतं. कागदी वाट्या आणल्या, तर त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर. तोपर्यंत बाजारात जुन्या पातळ पिशव्या परत मिळू लागल्या होत्या. मीही त्या घेतल्या. बंदी ठाऊक असून घेतल्या.

मग एका सकाळी कचरा गोळा करणाऱ्या मावशींशी बोलणं झालं. आमच्या भागात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका येतात. २००८पासून त्या घरोघरचा कचरा उचलतात. त्यांची संघटना त्याहून जुनी, १९९३ची. तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्या नावात प्लास्टिक नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. मावशींचं उत्पन्न म्हणजे घरटी मिळणारे पैसे आणि सुक्या कचऱ्यातून जे विकलं जाईल ते.

गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून त्या कचरा निवडत होत्या. हातात माझी पिशवी होती, अर्धी आमटी आत, गाठ तशीच. मुलं पिशवीचा कोपरा फोडून लागेल तेवढी आमटी घेतात आणि उरलेली तशीच टाकून देतात. त्या नखांनी गाठ सोडवत होत्या.

"ताई, ही गाठ तुमच्याच हातची ना?"

मी हो म्हटलं.

"लई घट्ट मारता. सुटत नाही, मग दातानं फोडावी लागते."

आतली आमटी आंबली होती. त्यांनी ती ओल्याच्या बादलीत ओतली आणि पिशवी बाजूला टाकली. मी विचारलं, हिचे काय मिळतात? त्या म्हणाल्या, काहीच नाही. पाण्याच्या बाटल्या जातात, दुधाची धुतलेली पिशवी जाते. आमटी लागलेली पातळ पिशवी भंगारवाला उभीसुद्धा करत नाही. ती ओल्यात टाकली तर खत बिघडतं आणि सुक्यात टाकली तर कागदाला आमटी लागून त्याचाही भाव जातो.

त्या दिवशी मला आमटी भरता येईना. गाठ मारताना मावशींची नखं दिसत होती.

खडकवासला धरणातून पाणी सोडलं की नदीपात्रातला भिडे पूल बुडतो. पाणी ओसरल्यावर पुलाच्या कडेला आणि पात्रातल्या झुडपांना पिशव्या लटकलेल्या असतात. वर्षानुवर्षं मी ते पाहत आले होते. त्या पावसाळ्यात मुद्दाम थांबून पाहिलं. काही पिशव्यांना गाठी तशाच होत्या. त्या माझ्याच असतील असं नाही, पण माझ्या नसतील असंही मला म्हणता येईना.

डबे आणायचं ठरलं. स्टीलचे तीन पुडांचे चाळीस डबे घेतले, अनामत दोनशे रुपये. घरचा डबा आणणाऱ्याला पाच रुपये कमी, अशी पाटी लावली. पाच रुपयांसाठी फारसं कुणी हललं नाही. मग पोळ्या लाटणाऱ्या काकू म्हणाल्या, पैसे कशाला, एक पोळी जास्त द्या. पाटी बदलली आणि आठवड्याभरात मुलं डबे घेऊन रांगेत उभी राहिली. घराबाहेर राहणाऱ्या पोराला एका गरम पोळीचं काय मोल असतं, ते काकूंना माझ्याआधी कळलं होतं.

खरी अडचण मोरीत होती. अनामतीचे डबे परत येत ते वाळलेल्या भाजीसकट, कधी दोन-दोन दिवसांनी. पातळ पिशवी इतकी सोयीची का वाटते, हे मला तिथे भांडी घासताना कळलं. तिने सगळ्यांचं धुणं वाचवलं होतं, आणि ते न धुतलेलं सगळं मावशींच्या हातात जाऊन पडत होतं. डबे धुवायला एका बाईंना रोजचे दोन तास लावून घेतलं आणि पार्सलमागे पाच रुपये वाढवले. काही गिऱ्हाइकं शेजारच्या गल्लीत गेली. त्यांचा मला राग नाही, महिन्याचे पैसे मोजून राहणारी मुलं होती ती. पण ते पाच रुपये धुणावळीचे आहेत आणि ते कुणीतरी द्यायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे. 'पर्यावरणपूरक' शब्द छापलेला नवा कंटेनर घेतला की धुवायला नको, या आशेवर मी दोन वर्षं घालवली होती.

२०२० साली साथ आली आणि परका डबा हातात घ्यायची भीती वाटू लागली. सगळं परत पिशवीवर गेलं. तो काळ मला आवडत नाही, पण तेव्हा दुसरं सुचलं नाही. नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुढे केंद्र सरकारच्या नियमाने देशभर कॅरीबॅगची किमान जाडी आधी ७५ मायक्रॉन, आणि ३१ डिसेंबर २०२२पासून १२० मायक्रॉन झाली. जाड पिशवी पुन्हा वापरली जाते, वेचलीही जाते, असा त्यामागचा विचार. मी मावशींना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "आमटी त्यात पण भरणार का?"

आता बहुतेक पार्सलं डब्यातून जातात. एक आजी आपल्या जुन्या पितळी डब्यात वरण नेतात. अनामतीचा डबा नेला तर तो रिकामा कधी परत देत नाहीत. कधी कढीपत्त्याची डहाळी, कधी दोन लिंबं. अवचित येणाऱ्यांसाठी उसाच्या चिपाडाच्या वाट्या ठेवल्या आहेत, पण त्यांत आमटी देत नाही, सुकी भाजी देते. आमटी हवी तर डबा. यावरून अजूनही वाद होतात.

तेलाच्या पिशव्या, मसाल्यांची पाकिटं आहेतच, त्यांवर माझ्याकडे उपाय नाही. दह्यासाठी रोज आठ पिशव्या दूध लागतं. त्या धुऊन, वाळवून मावशींना देते. त्यांनी सांगितलंय, कोपरा पूर्ण कापून टाकू नका, लटकता ठेवा. तो एवढासा तुकडा एकदा सुटला की हाताला लागत नाही, गटारात जातो. पहाटे दुधाची पिशवी फोडताना कात्री मी अर्ध्यावर थांबवते.